गुडघ्यापुढे तीन बोटं

लोणखेड्याला खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी खोली दाखवण्याआधी मला ट्रिपल सेव्हन विमानात बसवलं. ओसरीवर लाकडी चौकटीत एसटीची दोन जुनी बाकं एकामागे एक ठोकलेली होती. पुढचं बाक खाचांतून मागेपुढे सरकत असे. मागच्याला दोन्ही बाजूंनी फळ्यांचे हात होते, तेही सरकते. "बठा मॅडम," ते म्हणाले. मी बसले. त्यांनी फळ्या सतरा इंचांवर आणून खुंट्या मारल्या, पुढचं बाक माझ्याकडे ढकललं आणि गुडघा आणि बाक यांच्या मधल्या फटीत आपली बोटं आडवी घालून पाहिली.

"तीन," ते म्हणाले. "हाई ट्रिपल सेव्हन शे. सोळा तास बठशात का?"

मी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारायला आले होते.

सगळं गाव त्यांना आबा म्हणे, मीही तेच म्हणू लागले. शहाद्याच्या स्टँडवर त्यांनी वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली होती. म्हणजे कर्ण्यातून "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" म्हणणारा जो आवाज असतो, तो आबांचा. निवृत्त झाल्यावर माईक सुटला, आवाज सुटला नाही. घरात ते अहिराणी बोलत, पण विमानाचा विषय निघाला की पाठ ताठ होई आणि तोंडून छापील मराठी येई. "तीनशे पन्नास या विमानात एका रांगेत नऊ आसने असून प्रत्येकाची रुंदी अठरा इंच आहे." मग लगेच माणसात येऊन, "म्हंजे मांडी मोकळी ऱ्हास." विमानाला ते विमान फक्त कर्ण्याच्या भाषेत म्हणत. एरवी ती गाडी. "कोनती गाडी व्हती?" हा त्यांचा परदेशातून आलेल्या कोणत्याही माणसाला पहिला प्रश्न.

या गाड्यांत आबा स्वतः किती वेळा बसले होते? दोनदा. एकदा जाताना आणि एकदा येताना. लेक अमेरिकेत नोकरीला लागली, तिने आईवडील दोघांचाही व्हिसा एकदम करून घेतला आणि दोघांनाही बोलावलं. पण ऐन जायच्या वेळी म्हैस व्यायला झाली. म्हशीजवळ कोणीतरी हवंच होतं, आणि आबांच्या मते म्हशीला जिजींची सवय होती. जिजी म्हणजे त्यांच्या बायको. जिजी राहिल्या आणि आबा गेले; ती म्हैस नंतर वर्षभरात विकली. महिनाभर राहून आले ते ट्रिपल सेव्हनने गेल्याचा आणि ट्रिपल सेव्हननेच आल्याचा अनुभव घेऊन. बाकीचं सगळं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंचं आणि लोकांच्या उलटतपासणीचं.

या एका प्रवासातही त्यांची एक जखम होती. आमच्याकडे एसटी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकतात. रुमाल पडला की जागा आपली. मग तुम्ही सावकाश दारातून या, वाटेत चहा घ्या, कोणी माईचा लाल त्या जागेवर बसत नाही. आबांनी आयुष्यभर या कायद्याचे तंटे सोडवले होते. मुंबईला विमानात शिरल्यावर त्यांनी पाहिलं तर मधली चार आसनं सलग मोकळी. मग खांद्यावरचा निळ्या चौकड्यांचा मोठा रुमाल त्यांनी चारही आसनांवर पसरला आणि ते निवांत मागे संडास कसा आहे ते बघायला गेले. परत आले तर चारही जागांवर माणसं, आणि रुमाल घडी करून हवाई सुंदरीच्या हातात. त्यांनी तिला रीतसर सांगितलं की रुमाल आधी पडला होता. तिने त्यांना रुमाल दिला आणि कडेच्या तिघांमधली मधली जागा दाखवली. "इतली मोठी गाडी," आबा सांगत, "पन रुमालले मान नई." ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की पुढेपुढे मलाच त्या चौघांचा राग यायला लागला होता.

त्या सोळा तासांनी आबा जे चिडले ते तज्ज्ञ होऊनच थांबले. ट्रिपल सेव्हनमध्ये काही कंपन्या एका रांगेत नऊ बसवतात आणि काही दहा, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं. "सतरा इंच म्हंजे काय? मानूस शे का ऊसनी मोळी?" ड्रीमलायनर या गाडीबद्दल त्यांचं मत मिश्र होतं. हवा कमी कोरडी, घसा सुकत नाही, खिडकी मोठी. पण खिडकीला पडदा नाही, बटण दाबून काच काळी होते, आणि बटण सगळ्या गाडीचं मिळून हवाई सुंदरीच्या हातात. आपल्या खिडकीवर आपला हक्क नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. दुमजली तीनशे ऐंशीचं ते कौतुक करत, विशेषतः वरच्या मजल्याचं, कारण तिथे खिडकीपाशी दोघंच बसतात. पण ती सरळ अमेरिकेला न नेता आखातात उतरवते आणि पुढे गाडी बदलावी लागते. स्टँडवर आयुष्य काढलेल्या माणसाला जोडगाडीचा भरवसा नसतो. राहता राहिली तीनशे पन्नास. ती आवाज कमी करते, रुंद आहे, सगळं आहे. फक्त आपल्याला हवी त्या दिवशी हवी तिथून नसते.

आपण बसलेल्या एका गाडीची तक्रार आणि न बसलेल्या तीन गाड्यांची तुलना करणारा माणूस कंटाळवाणा व्हायला हवा. आबा होत नसत, हे मला कबूल करावं लागेल. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवत होते, आणि वर्गातल्या कोणाहीपेक्षा आबांना मोजमापाची हौस जास्त होती. वेबसाइटवर आसनांमधलं अंतर एकतीस इंच लिहिलेलं असतं ती गुडघ्यापुढची जागा नव्हेच, त्यात पुढच्या पाठीची जाडीही धरलेली असते, हा शोध त्यांनी स्वतः लावला. म्हणून ते इंच बाजूला ठेवून बोटांत मोजत. तीन बोटं म्हणजे छळ, चार म्हणजे साधी गाडी, पाच मिळाली तर सत्यनारायण घालावा.

लोक त्यांना टाळत. शहाद्याकडची निम्मी घरं कोणी ना कोणी परदेशात धाडून बसलेली, त्यामुळे येणारेजाणारे पुष्कळ. आलेला माणूस आबांच्या गल्लीतून जायचं चुकवी. एकदा गल्लीतले एक म्हातारे वारले. त्यांचा मुलगा कॅनडाहून धावतपळत आला. दहाव्याच्या दिवशी, तो नुकतं डोकं भादरून ओट्यावर बसलेला, आबा शेजारी जाऊन बसले. मान खाली घातली. मग हलकेच म्हणाले, "मधली भेटनी का कडानी?" मला वाटलं आता हा उठून मारतो. पण त्याने सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "मधली, आबा." आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसात त्याचं खरं सांत्वन तेवढंच झालं असेल, असं नंतर गल्लीतले लोक हसून सांगत.

मीही हसायची. किंबहुना मी त्यांना व्हिडिओ शोधून द्यायची, इंग्रजीतलं मराठीत करून सांगायची. ओसरीवरच्या त्या बाकांवर संध्याकाळी बसून आम्ही तासन् तास या गाडीतून त्या गाडीत हिंडलो. जिजी आतून चहा आणून देत. त्यांचा डावा गुडघा खराब होता, त्यामुळे त्यांचं येणं आधी ऐकू येई. एक पाय पडे, दुसरा घासत येई.

लेकीला दिवस गेले आणि या खेळाला काम मिळालं. जिजींना बाळंतपणाला जायचं होतं. आईने पहिल्या बाळंतपणाला नसावं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसतच नव्हती. त्यांनी डिंक आणला, मेथी आणली, अळीव निवडले, आणि लेक चौथ्या महिन्यात असतानाच पिशवी भरायला घेतली. लेक तिकडून तिकिटं शोधून आबांच्या मोबाइलवर पाठवी. आबांनी फक्त हो म्हणायचं होतं.

आबा हो म्हणेनात. पहिली गाडी दहाजणी निघाली, म्हणजे एका रांगेत दहा. दुसरी बरी होती, पण डावा गुडघा लांब करायचा तर आसनांमधला बोळ डाव्या हाताला पाहिजे, म्हणजे मधल्या तिघांतली डावीकडची किंवा उजवीकडच्या तिघांतली बोळाकडची जागा पाहिजे, आणि त्या जागा गेलेल्या होत्या. तिसरीत आखातात गाडी बदलायची. चौथीत जागा होती, गाडीही सरळ जाणारी होती, पण ज्याने तिचा व्हिडिओ केला होता तो माणूस म्हणे सारखा कूस बदलत होता. "तुन्ही मायना गुडघा शे बेटा, मन्हा नई," असं ते लेकीला फोनवर सांगत, आणि तिकडून ती रडकुंडीला येऊन म्हणे, "आबा, सगळ्या आया याच विमानांतून येतात."

शेवटी आबांनी ठरवलं की प्रयोग करायचा. एका रविवारी पहाटे पाचला जिजींना ओसरीवरच्या बाकावर बसवलं. फळ्या सतरा इंचांवर, बोटं तीन. रात्री नऊपर्यंत बसायचं, फक्त विमानात उठतात तेवढंच उठायचं. मी घड्याळ घेऊन निरीक्षक. "मॅडम, टाइम लिखा," म्हणून आबा समोर आरामखुर्चीत बसले.

पाच वाजून बारा मिनिटांनी ते म्हणाले, "अवं, च्या ठेव." जिजी उठल्या. चहा करून आल्या, बसल्या. मग आबांना गरम पाणी हवं झालं. मग चष्मा सापडेना. मग दूधवाला आला आणि आबा त्याला म्हणाले, थांब, भांडं घीसन येई ऱ्हायनी. मग टॉवेल. मग पुन्हा चहा, कारण पहिला निवला. मी इमानाने लिहीत गेले. पावणेसातपर्यंत जिजी नऊ वेळा उठल्या होत्या. त्यातल्या एकदा स्वतःसाठी.

आबांनी माझा कागद घेतला, आकडे पाहिले आणि मान हलवली. "दखा मॅडम, हिले बठताच येस नई. गुडघानं काम शे."

मी म्हटलं, "आबा, शेजारी उठण्याचं कारणही लिहिलंय."

"कारन कोनी इचारं?" ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला.

मला तिथेच बोलायला हवं होतं. मी हसले. घरी फोन करून आईलाही हा किस्सा रंगवून सांगितला. आई हसली नाही. "बिचारी कधी जाणार मग?" असं तिने विचारलं.

जिजी गेल्याच नाहीत. आबा सातव्या महिन्यात तीनशे पन्नासची वाट पाहत होते, आठव्यातही पाहत होते. लेक तारखेच्या तीन आठवडे आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. जावयाचा फोन आला तेव्हा जिजी लाडू वळत होत्या. आधीचा डबा जुना झाला म्हणून हा दुसरा घाणा. जुना डबा आबांनीच संपवला होता, स्वतः बाळंतीण असल्यासारखा, रोज सकाळी दोन. जिजींनी फोन ऐकला, हातातला लाडू पुरा वळला, ताटात ठेवला आणि चुलीपुढून उठल्या नाहीत. आबा ओसरीवरून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नातीची बातमी सांगत होते. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. माझाही आला.

पुढचे आठ दिवस जिजी आबांशी एक शब्द बोलल्या नाहीत. चहा मात्र वेळेवर येत होता. नवव्या दिवशी सकाळी तो पाय घासत येण्याचा आवाज माझ्या जिन्यावर आला. वर येऊन त्या दारातच टेकल्या. पदराखालून पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला.

"बेटा, पोरीले फोन लाव आनि तिकीट काढी दे. कोनतीबी गाडी चालई."

मी म्हटलं, "जिजी, तुमचा गुडघा..."

"यासले मन्हा गुडघानी काळजी नई शे," त्या म्हणाल्या. "मी गई ते च्या कोन करी, ती काळजी शे. मी काय येडी शे का? त्या रविवारे मी मोजी ऱ्हायनी व्हतू. तू लिखी ऱ्हायनी व्हती, मी मोजी ऱ्हायनी व्हतू."

लेकीने अर्ध्या तासात तिकीट काढलं. दहाजणी ट्रिपल सेव्हन, मधली जागा. विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून न्यायची सोय आहे आणि ती मागितली की मिळते, हेही तिकिटाच्या अर्जातच दिसलं; एका चौकोनात खूण केली की काम झालं. इतके महिने मोजमापं चालली, पण आमच्या दोघांच्याही डोक्यात ते कधी आलं नव्हतं.

जिजींना मुंबईला पोचवायला पुतण्या होता. दुपारच्या गाडीने निघायचं होतं. आबा स्टँडवर आले, पण फुगून. दहाजणी म्हणजे काय ते कळेल म्हणावं, असं मला दोनदा सांगितलं. गाडी फलाटावर लागली. दोन्ही जागांचं आरक्षण होतं, तिथे दुसरं कोणी बसणार नव्हतं. तरी गर्दीची लाट उठली तशी आबांच्या अंगात काय आलं कोण जाणे. त्यांनी खांद्यावरचा निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला, धावत जाऊन खिडकीतून आत टाकला आणि ओरडले, "जागा धरी! जागा धरी!" जिजी सावकाश दारातून चढल्या. रुमाल उचलून त्यांनी मांडीवर ठेवला. गाडी सुटली तेव्हा तो परत द्यायचा हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

त्यानंतरचे चार दिवस आबांनी शेव आणि दुधावर काढले. पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. आबा बाकावर बसले होते, मी मागे उभी. जिजी पडद्यावर आल्या, स्वेटर घातलेल्या. आबांनी ना प्रकृती विचारली, ना नात. ते म्हणाले, "गुडघापुढे बोटं कितली?"

"कोन मोजस?" जिजी म्हणाल्या. "मी बठनूच कोठे? मी ते मांगे उभी व्हतू. तठे त्या इमानन्या पोरी ऱ्हातीस ना, त्यासना जोडे. मी त्यासले चटनी दिधी, त्यासनी माले च्या दिधा. सोळा तासमा तीन येळ. मन्हा हातमा आनी दिधा."

ज्याने आयुष्यभर उभ्याने जाणारी माणसं गाडीत कोंबली, त्याला विमानात उठून उभं राहता येतं हे सुचलं नव्हतं. मग आबांनी विचारलं, "आनि गुडघा?"

"उभं ऱ्हाईसन मोकळा व्हयना."

मग जिजींनी मोबाइल फिरवला. सोफ्यावर मुलगी झोपलेली होती, मूठभर. तिच्या शेजारी, सोफ्याच्या उरलेल्या जागेवर, निळ्या चौकड्यांचा रुमाल नीट पसरून ठेवलेला होता.

"तुमनी जागा धरेल शे," जिजींचा आवाज आला. "अठे कोनी रुमाल उचलस नई. कोनतीबी गाडी धरा आनि या."

आबांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत गेले. आत भांडी वाजत राहिली. बऱ्याच वेळाने ते दोन कप चहा घेऊन बाहेर आले. त्या घरात आबांच्या हातचा चहा मी पहिल्यांदा प्यायले, आणि तो अतिशय वाईट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले. हातात पासपोर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत.

"मॅडम, तिकीट काढा."

"कोणती गाडी?" मी मुद्दाम विचारलं.

ते पिशवीची घडी उलगडत राहिले. मग म्हणाले, "जी पहिली लागेल व्हई, ती." आणि जिना उतरायला लागले. तिसऱ्या पायरीवर थांबले. मागे न बघता कर्ण्याच्या मराठीत म्हणाले, "शक्यतो दहाजणी नसावी."

मी दहाजणीच काढली. मधल्या चौघांतली मधली जागा, दोन्हीकडे माणसं, गुडघ्यापुढे तीन बोटं. त्याच दिवशी दुसऱ्या एका गाडीत कडेची जागा होती, तीही मी पाहिली होती. मला त्याचं वाईट वाटत नाही. सोळा तास आबांनी हाक मारावी असं जवळ कोणी नव्हतं, आणि चहा हवा तर स्वतः उठून मागे जायचं होतं.